बाहेरच्या ग्रंथालयातलं पुस्तक आमच्यामार्फत मागवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशावर काम करणाऱ्या माणसाची एक अडचण कायमची आहे. विषय इथला, माणसं इथली, दगड आणि खापरं इथली, पण त्यावर जे लिहिलं गेलं ते पुण्यात, मुंबईत, दिल्लीत, काही तर थेट लंडनला. आमचं ग्रंथालय एका छोट्या संग्रहालयाला जोडलेलं आहे. आमच्याकडे सगळं नाही आणि कधी असणारही नाही. म्हणून दुसऱ्या ग्रंथालयांकडून पुस्तकं, लेख आणि अहवाल मागवून देणं हे आम्ही आमचं मुख्य काम मानतो. खिडकीवर आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणजे नेमकं काय?

एका ग्रंथालयाने दुसऱ्या ग्रंथालयाला त्याच्या वाचकासाठी ठरावीक मुदतीवर पुस्तक देणं. यात पुस्तक वाचकाच्या नावावर चढत नाही, आमच्या ग्रंथालयाच्या नावावर चढतं. पाठवणाऱ्याला तुमचं नावही ठाऊक नसतं. सोसायटीचं कर्ज काढताना जामीनदार सही करतो, तशी इथे सही आमची असते. पुस्तक उशिरा गेलं, भिजलं, पान फाटलं, तर शब्द आमचा जातो. मग तुमच्यानंतर येणाऱ्या वाचकाची मागणी ते ग्रंथालय बाजूला ठेवतं. पुढे दिलेले बरेच नियम काहींना कडक वाटतील. ते सगळे या एका गोष्टीतून आले आहेत.

ही सेवा फक्त पीएच.डी. करणाऱ्यांना आहे का?

नाही. विद्यापीठाचं ओळखपत्र आम्ही मागत नाही. गावाचा इतिहास लिहिणारे निवृत्त गुरुजी, कुळाची माहिती जमवणारे शेतकरी, शाळेसाठी प्रकल्प करणाऱ्या शिक्षिका, मूर्तींचे फोटो काढत हिंडणारी मुलं, सगळ्यांना ती खुली आहे. राहत्या पत्त्याचा पुरावा आणि ग्रंथालयाचं सभासदत्व एवढं पुरतं. तुम्ही काय शोधताय हे मात्र मोकळेपणाने सांगा. आम्ही चौकशी करतो ती योग्य पुस्तक शोधता यावं म्हणून. मराठीत सांगा, अहिराणीत सांगा, लेवा गणबोलीत सांगा. भिलोरी किंवा पावरी बोलणारे वाचक सोबत कोणाला घेऊन आले तरी आम्हाला आनंदच आहे.

संग्रहालयाच्या ग्रंथालयात आणि गावातल्या वाचनालयात फरक काय?

वाचनालयात कादंबऱ्या, चरित्रं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं असतात, आणि ती असायलाच हवीत. आमच्याकडची कपाटं संग्रहालयातल्या वस्तूंच्या मागे मागे वाढली आहेत. नाण्यांच्या पेटीसाठी नाण्यांच्या सूची आल्या, खापरांसाठी उत्खननाचे अहवाल, शिलालेखांच्या ठशांसाठी लेखसंग्रह. याशिवाय नियतकालिकांचे जुने बांधीव खंड, लेखकांनी भेट दिलेल्या सुट्या लेखप्रती आणि बंद पडलेल्या संस्थांचे वार्षिक अहवाल. यातलं पुष्कळसं पुस्तकांच्या दुकानात कधी आलंच नाही. म्हणून आम्ही बाहेरून जसं मागवतो, तसंच आमच्याकडूनही बाहेरची ग्रंथालयं मागवतात.

मागणी भरण्याआधी मी स्वतः काय बघावं?

मोबाईल हातात असेल तर अर्धा तास शोधून पाहा. भारतीय विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’वर असतात. ते चालवणारी इन्फ्लिबनेट ही संस्था गांधीनगरला आहे. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाईन वाचता येतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, खानदेशावरचा बारावा खंड १८८० सालचा आहे. तो हवा म्हणून वर्षातून कितीतरी माणसं लांबून एसटीने येतात, आणि आम्ही त्यांना तो मोबाईलवरच उघडून देतो. येणं वाया जात नाही, चहा होतो, दुसरं काही सापडतं. पण भाडं खर्चण्याआधी एकदा फोन करा.

ऑनलाईन सापडलेल्या प्रतीत नकाशे आणि घडीची पानं नीट आहेत का, तेवढं बघून घ्या. जुनी पुस्तकं घाईने स्कॅन झाली तेव्हा घडी न उघडताच पान उलटलं गेलं, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. उत्खननाच्या अहवालात घडीचा नकाशा हाच अर्धा अहवाल असतो. तो नसेल तर छापील प्रत मागवा. ते कारण आम्हाला पुरेसं आहे.

मागणी कशी लिहू? ‘प्रकाश्यावरचं पुस्तक’ एवढं चालेल का?

चालेल, पण मग शोधाचं काम दोघांचं होतं आणि आठवडाभर लांबतं. लेखक, शीर्षक, प्रकाशनस्थळ, वर्ष, आणि लेख असेल तर नियतकालिकाचं नाव, खंड, अंक व पानं मिळाली, तर मागणी त्याच दिवशी बाहेर पडते. आता प्रकाश्याचंच उदाहरण घेऊ, कारण हे तापी आणि गोमाईच्या संगमावरचं गाव आमच्याकडे सर्वाधिक विचारलं जातं.

तिथलं उत्खनन बी. के. थापर यांनी १९५४-५५ च्या हंगामात केलं. अहवाल स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाला नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘एन्शंट इंडिया’ या नियतकालिकाच्या २० आणि २१ या जोडअंकात तो आला. अंकावर १९६४ आणि १९६५ ही वर्षं आहेत, प्रत्यक्ष छपाई १९६७ ची. आता कोणी संदर्भ देताना १९५५ लिहितो, कोणी १९६५, कोणी १९६७, आणि तिघेही आपापल्या परीने बरोबर असतात. आमच्या चिठ्ठीवर मात्र ‘थापर, प्रकाश, १९५५’ एवढंच असेल, तर समोरचा ग्रंथपाल पुस्तकांच्या कपाटात शोधतो, तिथे ते नसतं, आणि ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. ते शेजारच्या नियतकालिकांच्या मांडणीत निवांत बसलेलं असतं.

नावांचाही घोळ आहे. मराठीत प्रकाशे किंवा प्रकाशा, इंग्रजी अहवालात प्रकाश. धुळ्याचं जुनं इंग्रजी रूप धुलिया, तापीचं ताप्ती. जिल्ह्यांची नावं तर तीनदा बदलली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९६० च्या सुमारास त्यांची जळगाव आणि धुळे ही नावं रूढ झाली. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे तळोद्यावरचं १९३० सालचं पुस्तक तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या सूचीत, ‘नंदुरबार’खाली कधीच मिळणार नाही, ‘पश्चिम खानदेश’खाली बघावं लागेल. वाचकांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी आमच्या फेऱ्या अर्ध्यावर येतील.

जुन्या मराठी पुस्तकांवर बहुधा शक छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. शके १८४८ म्हणजे १९२६-२७. तुम्ही चुकून ‘१८४८’ हाच इसवी सन म्हणून लिहिलात, तर आम्ही मराठी छपाईच्या पहिल्या काही दशकांत पुस्तक शोधत बसू. शक असेल तर ‘शके’ हा शब्द जरूर लिहा.

आणि खंड असलेल्या पुस्तकांचा खंड क्रमांक सांगा. ‘राजवाड्यांची साधनं’ हवीत असं म्हणणारे पुष्कळ येतात. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड आहेत, पहिला १८९८ चा. तसंच अहिराणीचं. ग्रिअर्सन यांनी ब्रिटिश काळात केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशीवरचा भाग हवा असेल तर नववा खंड, तिसरा भाग, १९०७ असं लिहा. तो भिल्ल भाषांसोबत छापलेला आहे.

यातलं काहीच माहीत नसेल तर जिथे संदर्भ वाचला त्या पानाचा फोटो पाठवा. तळटीप अर्धवट असली तरी तिच्यावरून माग काढता येतो. हे काम आम्ही आनंदाने करतो, खरं सांगायचं तर ग्रंथालयातलं सगळ्यात आवडतं काम हेच आहे.

तुम्ही कुठून मागवता?

आधी जवळ बघतो. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, हे मंडळ उभं राहिलं. रामदासी वाङ्मयाची हस्तलिखितं बघायची तर धुळ्याचंच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. तत्त्वज्ञानासाठी अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर, जे श्रीमंत प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये सुरू झालं. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं ग्रंथालय. अशा ठिकाणी पुष्कळदा तुम्ही स्वतः जाऊन बसणंच बरं. कोणतं कपाट, कोणता विषय हे आधी विचारून ठेवायला आम्ही मदत करतो.

त्यानंतर पुणे आणि मुंबई. पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज, संस्कृत आणि प्राच्यविद्येसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर संस्था, मराठ्यांच्या इतिहासासाठी भारत इतिहास संशोधक मंडळ, जे राजवाड्यांनीच १९१० मध्ये सुरू केलं. मुंबईत १८०४ पासूनची एशियाटिक सोसायटी आणि १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. १९५४ च्या कायद्याने भारतातल्या प्रकाशकांनी नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई व दिल्लीतल्या नेमून दिलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. त्यामुळे त्यानंतरचं पुस्तक कुठेच नाही असं सहसा होत नाही, प्रश्न ते तिथून बाहेर येतं का एवढाच उरतो.

शोधासाठी इन्फ्लिबनेटची संयुक्त तालिका आणि १९८८ मध्ये दिल्लीत सुरू झालेलं, ग्रंथालयांना एकमेकांशी जोडणारं डेलनेटचं जाळं उपयोगी पडतं. मात्र कितीतरी जुन्या संस्थांच्या नोंदी अजून संगणकावर चढलेल्याच नाहीत. तिथे फोन आणि ओळख हाच मार्ग. पलीकडचा ग्रंथपाल उठून, शिडी लावून, दाखल नोंदवही उघडून बघतो तेव्हा पुस्तक सापडतं. त्यांचे आभार मानणारं पत्र आम्ही दर वेळी पाठवतो. तुम्हीही दोन ओळी लिहून दिल्यात तर सोबत जोडतो.

किती दिवस लागतात?

खानदेशातल्या खानदेशात आठवडाभर. पुण्या-मुंबईहून दोन ते तीन आठवडे. परीक्षा, दिवाळी आणि मार्चअखेर हे दिवस धरून चला. उद्या प्रबंध सादर करायचा आहे आणि आज मागणी, असं असेल तर पुस्तकाऐवजी नेमक्या पानांची प्रत मागा, ती ईमेलवर येते.

खर्च कोणी करायचा?

जाण्यायेण्याचं टपाल किंवा कुरिअर जेवढं लागेल तेवढं वाचकाकडून घेतो, पावती दाखवून. आमची फी नाही. काही ग्रंथालयं अनामत मागतात, ती संग्रहालय भरतं. जिथे टपालखर्चही जड जातो तिथे मोकळेपणाने सांगा, त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवलेली असते. आश्रमशाळेतल्या किंवा वसतिगृहातल्या मुलांनी या कारणासाठी मागणी मागे घेऊ नये, ही कळकळीची विनंती.

आलेलं पुस्तक घरी नेता येईल का?

ते पाठवणाऱ्या ग्रंथालयावर आहे. पुष्कळ जण ‘फक्त वाचनकक्षात’ असा शिक्का मारून पाठवतात, आणि तो शिक्का आम्ही मोडत नाही, कोणासाठीही. लांबून येणाऱ्यांसाठी आम्ही एक गोष्ट करतो. पुस्तक आलं की आधी फोन, मग तुमच्या सोयीच्या सलग दोन दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबल राखून ठेवतो. अक्कलकुव्याहून किंवा धडगावहून येणाऱ्याने एका फेरीत काम उरकावं, हा हेतू.

मी खेड्यात राहतो. आमच्या गावच्या वाचनालयामार्फत मागता येईल का?

हो, आणि हा रस्ता आम्हाला फार आवडतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची वाचनालयं खेडोपाडी आहेत. तुमच्या वाचनालयाचा शिक्का आणि ग्रंथपालांची सही असलेला मागणी अर्ज आला, की आमच्याकडचं देण्याजोगं पुस्तक आम्ही थेट त्यांच्याकडे पाठवतो आणि तुम्ही ते गावातच बसून वाचता. ‘ड’ वर्ग आहे, दोनच कपाटं आहेत, आम्हाला कोण देणार, असं एका ग्रंथपालांनी संकोचून विचारलं होतं. कपाटं किती याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. कुलूप लागणारं एक कपाट आणि वेळेवर पुस्तक परत करणारा एक माणूस, एवढं असलं की झालं. त्या वाचनालयाने आजवर एकही तारीख चुकवलेली नाही.

तुमच्याकडच्या कोणत्या गोष्टी बाहेर जात नाहीत?

पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल (म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे), हस्तलिखित नकाशे, मूळ छायाचित्रं, आणि ज्यांची शिवण सुटली आहे असे ग्रंथ. पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे सर्वसाधारण वस्तू शंभर वर्षांनी पुरावशेष ठरते. ऐतिहासिक, शास्त्रीय किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित वा दस्तऐवज मात्र ७५ वर्षांनीच. म्हणजे तुमच्या आजोबांच्या पिढीत लिहिलेला कागदही त्यात बसू शकतो. अशा गोष्टी संग्रहालयाच्या वस्तू आहेत, त्या ग्रंथालयाच्या देवघेवीत येत नाहीत. त्या इथे येऊन बघायच्या, आम्ही सोबत बसून रुमाल सोडतो. मोडी येत नसेल तरी या. पहिल्या चार ओळी एकत्र वाचू, अक्षर कोणाचं आणि कागद कशाचा एवढं कळलं की पुढचं ठरवता येतं.

मग संपूर्ण पुस्तकाची झेरॉक्स काढून द्याल का?

हा प्रश्न रोज येतो, म्हणून जरा सविस्तर.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. ही मुदत संपली असेल तर पूर्ण प्रत काढायला कायद्याची हरकत नाही. तेव्हा हरकत असते ती पुस्तकाच्या तब्येतीची. शंभर वर्षांपूर्वीचा ठिसूळ कागद यंत्रावर उलटा दाबला की शिवणीपाशी मोडतो. अशा पुस्तकांचे वरून फोटो काढून देतो.

मुदत चालू असेल तर खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी भाग घेता येतो. एक लेख, एखादं प्रकरण, हवे ते तक्ते. आख्खं पुस्तक नाही. सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी, भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. तिचा अर्थ वाचकाला प्रत काढून द्यावी असा होत नाही.

याच कलमात संग्रहालयाचा नावाने उल्लेख आहे. लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेलं अप्रकाशित लेखन संशोधनासाठी किंवा छापण्यासाठीही नकलून घेता येतं. लेखक कोण हे माहीत असेल तर मात्र त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली हवीत. जुनी रोजनिशी, पत्रं, अप्रकाशित कवितांची वही यांच्याबाबत आम्ही हाच नियम लावतो.

एक घरचं उदाहरण देतो, कारण यात माणसं हमखास चुकतात. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या नंतर, १९५२ साली. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लिखाणाची साठ वर्षं मृत्यूपासून मोजत नाहीत, प्रकाशनापासून मोजतात. म्हणून त्या पहिल्या पुस्तकातल्या कविता २०१३ पासून सर्वांना मोकळ्या झाल्या. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे, आणि अत्रे १९६९ मध्ये वारले. म्हणजे तिच्यावरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत चालतो. एका पुठ्ठ्याआड दोन वेगळ्या मुदती! प्रत मागताना नेमकी कोणती पानं हवीत ते सांगा असं आम्ही म्हणतो, ते अशासाठी.

पुस्तक परत पाठवताना कसं बांधायचं?

शक्यतो तुम्ही बांधूच नका, आमच्याकडे आणून द्या. पण गावाकडूनच पाठवायची वेळ आली तर हे वाचा.

खानदेशात पुस्तकाला दोन ऋतू वाईट. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ च्या वर जातो. बंद गाडीत, टपावर किंवा डिकीत ठेवलेल्या पुस्तकाच्या पाठीची खळ सुकून तडकते आणि पानं गठ्ठ्यागठ्ठ्याने सुटतात. मग पावसाळा, त्यात ओल आणि कसर. म्हणून आधी कोरा, स्वच्छ कागद, त्यावर प्लास्टिक किंवा मेणकापड, मग चारही बाजूंनी पुठ्ठा, मग खोकं. खोक्यात पुस्तक हलता कामा नये. सुतळी थेट पुस्तकावर आवळू नका, पुठ्ठ्याच्या कडा चेमटतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई उतरते. आतल्या पानांना सेलोटेप तर अजिबात नको. फाटलेलं पान तसंच राहू द्या आणि चिठ्ठीवर लिहा.

केळीच्या खोक्याबद्दल वेगळं सांगावं लागतं. रावेर-यावलकडे ती खोकी घरोघरी असतात, मजबूत असतात आणि हाताशी असतात, त्यामुळे वाचक चांगल्या मनाने त्यातच पुस्तक भरतात. एकदा पुण्याहून मागवलेला बांधीव खंड असाच परत आला. खोक्याच्या तळाशी केळीचा चीक होता. तो कापडी बांधणीवर लागला आणि सुकून काळा झाला. बांधणाऱ्याकडे नेला, पण केळीचा डाग धोतरावरून जात नाही तर पुस्तकावरून कुठला जायला. आम्ही त्या ग्रंथालयाला सगळं जसं घडलं तसं कळवलं आणि नव्या बांधणीचा खर्च दिला. त्यांनी समजून घेतलं. वाचकाला आम्ही बोल लावला नाही, कारण हे आम्हीच आधी सांगायला हवं होतं. तेव्हापासून दर पुस्तकासोबत रिकामं खोकंही देतो.

पुस्तक हरवलं किंवा खराब झालं तर?

त्याच दिवशी सांगा. लपवू नका, स्वतः चिकटवू नका. बाजारात नवी प्रत मिळत असेल तर ती घेऊन द्यायची. मिळत नसेल तर पाठवणारं ग्रंथालय ठरवेल ती भरपाई. ओलं झालं असेल तर उन्हात वाळत घालू नका, पानं वाकडी होतात. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरे टिपकागद घालून ठेवा आणि लगेच फोन करा.

मुदत वाढवून मिळते का?

साधारण एकवीस दिवसांची मुदत असते. संपायच्या चार-पाच दिवस आधी सांगितलंत तर आम्ही विचारतो आणि बहुतेकदा मिळते. मुदत संपल्यावर वाढ मागायला आम्हाला तोंड राहत नाही. त्यांच्या वाचकाला ते पुस्तक लागलं, तर मुदतीआधीही परत द्यावं लागतं.

परदेशातून मागवता येतं का?

लेख आणि निवडक पानं येतात, आख्खं पुस्तक क्वचित. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याची, दप्तरं आहेत, त्यात खानदेशच्या कलेक्टरांचे कागद बघणाऱ्यांना बरंच सापडतं. तिथल्या प्रतींचे दर त्यांचे ते ठरवतात, आधी अंदाज मागवून तुम्हाला दाखवतो, मगच मागणी करतो. मागणी टाकताना दप्तराचा पूर्ण क्रमांक लागतो. तो काढायला एक-दोन बैठका जातात, तेवढी तयारी ठेवा.

नकार आला तर पुढे काय?

कारण विचारून घेतो. मूळ प्रत नाजूक असेल तर पानांची प्रत मागतो. ‘सापडत नाही’ असं उत्तर असेल तर नावाची दुसरी रूपं, शक, जोडअंक हे सगळं तपासून पुन्हा एकदा विचारतो. तेही साधलं नाही तर त्या ग्रंथालयाच्या नावे तुमची ओळख करून देणारं पत्र देतो, म्हणजे तुम्ही तिथे गेल्यावर कपाटापर्यंत पोचता. तीन ठिकाणांहून नकार आल्यावर चौथ्या ठिकाणी पुस्तक मिळाल्याचं आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे. मागणीचा कागद तोवर फाडत नाही.

माझं काम छापून झालं की एक प्रत ग्रंथालयाला द्यावी लागते का?

सक्ती नाही, विनंती आहे. प्रबंध असो, लेखाची सुटी प्रत असो, गावाने वर्गणी काढून छापलेला इतिहास असो, आम्ही तो दाखल नोंदवहीत चढवतो, वर्गांक घालतो आणि तालिकेत नोंद करतो. शहाद्याच्या एका मुलीने तापीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन खापरांवर काम केलं. तिच्यासाठी आम्ही दोन वर्षं पुण्याहून आणि दिल्लीहून अहवाल मागवत होतो. काम पुरं झाल्यावर ती बांधीव प्रत घेऊन आली आणि टेबलावर ठेवून गेली. गेल्या हिवाळ्यात परराज्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडून तीच प्रत उसनी मागणारं पत्र आलं. कोऱ्या कागदात आणि मेणकापडात गुंडाळून, नव्या खोक्यात आम्ही ती पाठवली. एकविसाव्या दिवशी ती परत आली, आत त्यांच्या ग्रंथपालांची आभाराची चिठ्ठी होती. ती चिठ्ठी आम्ही त्या मुलीला शहाद्याला पाठवून दिली.